चार्जिंगच्या वेळी मोबाइल का तापतो? : एक अभ्यास

द्वितीय वर्ष, कला

‘चार्जिंगला लावला की मोबाइल तापतो’ ही तक्रार आज घरोघरी ऐकू येते. कोणी म्हणतो कंपनीच वाईट, कोणी म्हणतो चार्जर नकली, कोणी सारा दोष उन्हाळ्यावर टाकतो. तर घरातील वडीलधारी मंडळी ‘रात्रंदिवस त्यात डोळे घालून बसल्यावर तो तापणारच’ असा निकाल देऊन मोकळी होतात. गंमत अशी की, या चौघांच्याही म्हणण्यात थोडेथोडे तथ्य आहे. परंतु कोणाचे म्हणणे केव्हा लागू पडते हे ठरविण्याची कसोटी मात्र आपल्यापाशी नसते. ही कसोटी कोणती असावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय शास्त्र शाखेचा. कला महाविद्यालयाच्या वार्षिकात त्याचा ऊहापोह कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला उत्तर एवढेच की, मोबाइल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा निकाल, बँकेचा सांकेतिक क्रमांक, शेतमालाचा बाजारभाव हे सारे त्या एकाच यंत्रातून घरात येते. अनेक घरांत ते हप्त्यांवर घेतलेले असते आणि पुष्कळ घरांत ते एकच असते. ते बिघडले तर सगळ्या घराचेच अडते. शिवाय त्याच्या खोक्यातून निघणारी बारीक इंग्रजी अक्षरांची सूचनापत्रिका वाचण्याचे काम घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात गेलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे येते. ती आपण वाचली नाही, तर घरात दुसरे कोण वाचणार?

१. उष्णता येते कोठून?

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चार्जिंगच्या वेळी मोबाइल कोमट होणे हा दोष नव्हे. तो निसर्गनियम आहे. जेम्स प्रेस्कॉट जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली दाखवून दिले की, तारेतून वीज वाहू लागली म्हणजे उष्णता निर्माण होते आणि ती विद्युत्प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवाह दुप्पट केला तर उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते.

हे एका लहानशा हिशेबाने पाहू. समजा, बॅटरीचा अंतर्गत रोध ०.१ ओहम आहे. तिच्यात २ अँपियर प्रवाह सोडला, तर ०.४ वॅट या दराने उष्णता निर्माण होईल. तोच प्रवाह ४ अँपियर केला, तर हा दर १.६ वॅट होईल. चार्जिंगला लागणारा वेळ निम्म्यावर येईल हे खरे. परंतु निम्म्या वेळातही एकूण उष्णता दुप्पटच होईल. पंधरा-वीस मिनिटांत चार्ज होण्याची जी जाहिरात आपण पाहतो, तिची किंमत अशी उष्णतेच्या रूपाने मोजावी लागते. ही अडचण ओळखूनच काही कंपन्यांनी बॅटरीचे दोन भाग करून प्रवाह वाटून दिला आहे, तर काहींनी उष्णता निर्माण करणारा मंडलाचा भाग मोबाइलमधून काढून चार्जरमध्ये नेला आहे. त्यांनी उष्णता नाहीशी केली असे म्हणता येणार नाही. त्यांनी ती कमी केली आणि तिची जागा बदलली, एवढेच.

जागेचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे. चार्जिंगच्या वेळची उष्णता मुख्यतः चार ठिकाणी उत्पन्न होते.

पहिले ठिकाण म्हणजे चार्जर. भिंतीतील २३० व्होल्टच्या उलटसुलट प्रवाहाचे ५ किंवा ९ व्होल्टच्या एकदिश प्रवाहात रूपांतर करताना काही वीज वाया जाते व तिची उष्णता होते. दुसरे ठिकाण म्हणजे वायरीचे टोक आणि मोबाइलचे छिद्र यांचा सांधा. येथे धूळ, ओल किंवा ढिलेपणा असेल, तर सांध्याचा रोध वाढतो आणि टोक चटका बसण्याइतके तापते. तिसरे ठिकाण बॅटरी. तेथे वरील जूलचा नियम चालतोच; शिवाय रासायनिक क्रियेची थोडी उष्णता त्यात मिसळते. आणि चौथे ठिकाण म्हणजे मोबाइलचा ‘मेंदू’, अर्थात त्याचा प्रोसेसर, पडदा आणि लहरी पाठविणारे यंत्र.

चौथ्या ठिकाणाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. चार्जिंग चालू असताना चित्रपट पाहणे, खेळ खेळणे किंवा चौघांना हॉटस्पॉट देणे म्हणजे एकाच चुलीवर दोन आधणे ठेवण्यासारखे आहे. परंतु काहीही न करता नुसता ठेवलेला मोबाइलही कधीकधी तापतो. त्याचे एक कारण ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना ठाऊक असावयास हवे. मनोरा लांब असला व रेंज क्षीण असली, म्हणजे त्याच्याशी संपर्क टिकविण्यासाठी मोबाइल अधिक शक्तीने लहरी पाठवितो. शहरातील मित्राचा मोबाइल थंड आणि त्याच कंपनीचा आपला गावाकडे गरम, असे का, याचा उलगडा बऱ्याच वेळा येथे होतो. अशा जागी चार्जिंगच्या वेळी विमानप्रवासासाठी असलेली सोय चालू करून ठेवली, तर मोबाइल थंड राहतो आणि लवकर चार्जही होतो. मात्र तेवढ्या वेळात कोणाचा फोन येऊ शकत नाही, हे लक्षात ठेवावे.

तेव्हा मोबाइल तापला असता पहिला प्रश्न ‘किती तापला?’ हा नसून ‘कोठे तापला?’ हा आहे. कारण ठिकाण कळल्यावाचून केलेला उपाय म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

२. बॅटरीच्या पोटात

या चार ठिकाणांपैकी खरी काळजी करण्यासारखे ठिकाण म्हणजे बॅटरी. आजच्या मोबाइलमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. तिच्या जन्मकथेत आगीचा संबंध पहिल्यापासूनच आलेला आहे.

स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील एक्सॉन या तेल कंपनीत लिथियम धातूचे एक टोक असलेली बॅटरी तयार केली. ती चांगली चाले. पण वारंवार चार्ज केल्यावर लिथियमचे बारीक कोंभ वाढून ते दुसऱ्या टोकाला भिडत आणि पेट घेत. प्रयोगशाळेत अग्निशामक दलाला इतक्या वेळा यावे लागले की, या खास आगी विझविण्याच्या रसायनाचा खर्च आता तुमच्याकडूनच वसूल करू, अशी तंबी त्यांनी दिली. पुढे १९८० साली जॉन गुडइनफ यांनी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे कोबाल्ट ऑक्साइडचे टोक वापरून बॅटरीची शक्ती वाढविली. जपानमधील अकिरा योशिनो यांनी १९८५ साली लिथियम धातू पूर्णपणे काढून टाकला आणि त्याच्या जागी कार्बनयुक्त पदार्थ घातला. त्यांनी या बॅटरीवर लोखंडाचा जड तुकडा टाकून पाहिला, तरी काही झाले नाही. शुद्ध लिथियमच्या बॅटरीवर तो टाकला, तेव्हा मोठा भडका उडाला. योशिनो यांच्या मते बॅटरीचा खरा जन्म या परीक्षेच्या क्षणी झाला. १९९१ साली सोनी कंपनीने ही बॅटरी बाजारात आणली आणि २०१९ साली या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते. नोबेलच्या इतिहासात तोवर एवढ्या वयाच्या कोणालाही हा मान मिळालेला नव्हता.

या इतिहासावरून एक गोष्ट ध्यानात येते. सुरक्षितता ही या बॅटरीला मागाहून चिकटविलेली गोष्ट नसून, सुरक्षिततेच्या शोधातूनच तिचा जन्म झाला आहे.

आता तिची रचना पाहू. एका बाजूला कोबाल्ट ऑक्साइडसारख्या संयुगाचा पत्रा, दुसऱ्या बाजूला ग्रॅफाइटचा पत्रा आणि दोहोंच्या मध्ये केसाहूनही पातळ असा सच्छिद्र प्लॅस्टिकचा पडदा. हे तिन्ही थर एका द्रावणात भिजलेले असतात आणि हे द्रावण ज्वालाग्राही असते. चार्ज करताना लिथियमचे कण पहिल्या पत्र्यातून निघून पडद्याच्या छिद्रांतून ग्रॅफाइटमध्ये जाऊन बसतात. वापरताना ते परत येतात.

हे कण म्हणजे एस.टी.तील उतारूच होत. गाडी रिकामी असते तेव्हा उतारू भराभर चढतात व हवी ती जागा पकडतात. गाडी भरत आली, की एकेकाला जागा शोधावी लागते आणि चढणे मंदावते. मोबाइल ८० टक्क्यांपर्यंत झपाट्याने चार्ज होतो व शेवटच्या २० टक्क्यांना वेळ लावतो, त्याचे कारण हेच. त्या वेळी चार्जिंगचे मंडल मुद्दामच प्रवाह कमी करीत जाते. येथे घाई करून उतारू कोंबले, तर ज्यांना जागा मिळत नाही ते दारातच अडकतात; म्हणजे लिथियम ग्रॅफाइटच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपाने साचते. व्हिटिंगहॅम यांच्या प्रयोगशाळेतील संकट हे असेच होते.

बॅटरी कोमट आहे तोवर चिंता नाही. परंतु पोटात तापमान ८० ते १२० अंशांच्या दरम्यान पोहोचले, की ग्रॅफाइटवरील पातळ संरक्षक थराचे विघटन सुरू होते आणि त्यातून आणखी उष्णता बाहेर पडते. सुमारे १३० अंशांना पॉलिथिलिनचा पडदा वितळतो. पडदा गेला, की दोन्ही पत्रे एकमेकांना भिडतात. पुढे २०० अंशांच्या आसपास ऑक्साइडच्या पत्र्यातून प्राणवायू बाहेर पडू लागतो. म्हणजे जळण आतच, ठिणगी आतच आणि प्राणवायूही आतच! म्हणूनच अशी बॅटरी पेटली असता नुसते झाकून ती विझत नाही. येथे उष्णतेने उष्णता वाढते आणि बाहेरचा चार्जर काढला तरी ही साखळी थांबेलच असे नाही.

येणेप्रमाणे तापणे दोन प्रकारचे ठरते. एक कामाचे तापणे. ते काम थांबले की थांबते. दुसरे मोडतोडीचे तापणे. ते काम थांबल्यावरही वाढत राहते. आपल्याला हवी असलेली कसोटी ती हीच. चार्जर काढून व मोबाइल बंद करून तो दहा-पंधरा मिनिटांत निवू लागला, तर ते तापणे पहिल्या प्रकारचे. न निवता अधिकच तापू लागला, फुगला, सूं-सूं आवाज आला किंवा उग्र गोडसर वास सुटला, तर दुसऱ्या प्रकारचे. मग त्याच्या जवळ थांबू नये.

३. एका मोबाइलची कहाणी

दुसऱ्या प्रकारच्या तापण्याचे जगभर गाजलेले उदाहरण म्हणजे सॅमसंग कंपनीचा गॅलॅक्सी नोट ७. त्याची हकीकत थोडी तपशिलाने सांगतो, कारण तिच्यात आपल्यासाठी धडा आहे.

हा मोबाइल १९ ऑगस्ट २०१६ रोजी विक्रीस आला. त्याचे सर्वत्र कौतुक झाले. परंतु दोन आठवड्यांतच तो पेटल्याच्या तक्रारी येऊ लागल्या आणि २ सप्टेंबर रोजी कंपनीने सुमारे २५ लाख मोबाइल परत मागविण्याचे जाहीर केले. आपल्या देशात त्याची विक्री सुरू व्हावयाची होती, ती लांबणीवर पडली. तरी परदेशांतून येणाऱ्या प्रवाशांचा विचार करून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानात तो वापरण्यास व चार्ज करण्यास सप्टेंबरमध्ये मनाई केली. कंपनीने दोष एका पुरवठादाराच्या बॅटरीत असल्याचे मानले आणि ग्राहकांना दुसऱ्या पुरवठादाराच्या बॅटरीचे मोबाइल बदलून दिले. प्रश्न मिटला असे वाटले. तोच ५ ऑक्टोबर रोजी अमेरिकेतील लुईव्हिल येथे उड्डाणाच्या तयारीत असलेल्या विमानात असा एक बदलून दिलेला मोबाइल धुमसू लागला आणि सर्व प्रवाशांना खाली उतरवावे लागले. अखेर ११ ऑक्टोबर २०१६ रोजी कंपनीने या मोबाइलचे उत्पादन कायमचे थांबविले.

पुढे जी तपासणी झाली ती मुळातून अभ्यासण्यासारखी आहे. ७०० संशोधकांनी २ लाखांहून अधिक मोबाइल आणि ३० हजारांहून अधिक बॅटऱ्या तपासल्या. साहजिकच संशय प्रथम चार्जिंगवर होता. म्हणून जलद चार्जिंग करून पाहिले, साधे करून पाहिले, वायरीने केले, वायरीवाचून केले. मोबाइलचे मागचे झाकण ठेवून व काढून पाहिले. कोठेच फरक पडेना. मग नुसत्या बॅटऱ्याच वेगळ्या काढून तपासल्या, तेव्हा दोष सापडला. २३ जानेवारी २०१७ रोजी सोल येथे निष्कर्ष जाहीर झाले. पहिल्या बॅटरीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पिशवीला जागा अपुरी पडल्याने ऋण टोकाचा पत्रा वाकला होता. दुसऱ्या बॅटरीत जोडकामाच्या वेळी राहिलेले बारीक टोकदार कंगोरे पडद्यातून आरपार गेले होते. काही बॅटऱ्यांत तर विद्युत्‌रोधक पट्टीच लावलेली नव्हती. म्हणजे दोन पुरवठादार निराळे, दोन दोषही निराळे. परिणाम मात्र एकच.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. चार्ज होताना ग्रॅफाइटचा थर किंचित फुगतो. त्याला फुगावयास जागा हवी असते. मोबाइल दरवर्षी अधिक पातळ आणि बॅटरी दरवर्षी अधिक मोठी, असा हट्ट धरला, म्हणजे ही जागा कोठून तरी कमी होणारच.

या कहाणीतून दोन धडे मिळतात. पहिला असा की, मोबाइल पेटल्याची बातमी आली, की ‘वापरणाऱ्याचाच हलगर्जीपणा’ असे म्हणण्याची घाई आपण करू नये. येथे वापरणाऱ्यांनी काहीच वावगे केले नव्हते. दुसरा असा की, मूळ कारण न शोधता केलेला बदल हा उपाय ठरत नाही. एवढ्या मोठ्या कंपनीलाही पहिल्या खेपेस दोष एकाच बॅटरीत दिसला, तेथे आपण नुसता चार्जर बदलून निश्चिंत व्हावे काय?

४. न पेटणारी उष्णता

मोबाइल पेटणे ही मोठी घटना असल्याने तिची बातमी होते. परंतु वापरात असलेल्या असंख्य मोबाइलांच्या मानाने असे प्रसंग विरळाच. आपले खरे नुकसान करते ती न पेटणारी, दररोजची उष्णता. तिची बातमी होत नाही. ती फक्त मोबाइलचे आयुष्य कमी करते.

बॅटरीच्या अभ्यासकांत एक तक्ता प्रसिद्ध आहे. पूर्ण चार्ज केलेली लिथियम-आयन बॅटरी २५ अंश तापमानात वर्षभर नुसती ठेवली, तर वर्षाअखेर तिची साठवणशक्ती सुमारे ८० टक्के उरते. तीच ४० अंशांत ठेवली, तर सुमारे ६५ टक्केच उरते. परंतु त्याच ४० अंशांत ती ४० टक्के चार्ज करून ठेवली असेल, तर ८५ टक्क्यांपर्यंत टिकते. याचा अर्थ असा की, उष्णता आणि पूर्ण भरलेपण ही दोन्ही एकत्र आली म्हणजे घात अधिक. रात्रभर चार्जिंगला लावलेला, उशीखाली दडपलेला आणि १०० टक्क्यांवर पोहोचलेला मोबाइल हा या दोन्हींचा संगम होय.

आता सूचनापत्रिकेकडे वळू. ॲपल आणि सॅमसंग या दोन्ही कंपन्या आपला मोबाइल ० ते ३५ अंश तापमानात वापरावा असे सांगतात. हा आकडा वाचल्यावर विदर्भ, मराठवाडा किंवा खानदेशातील वाचकाला हसू येईल. आमचा उन्हाळा सुरू होतो तोच ३५ अंशांवर! एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूर, अकोला, जळगाव, परभणी या भागांत पारा ४० च्या वर जाणे ही नेहमीची गोष्ट आहे आणि पत्र्याच्या छपराखालच्या खोलीचा हिशेब त्याहून निराळा. यंत्रासाठी आखलेली मर्यादा आणि आपल्या माणसांचे घर यांत हे अंतर आहे. ते सूचनापत्रिकेत कोठेही सांगितलेले नसते. ज्याच्या खोलीत गारवा आहे त्याचा मोबाइल चार वर्षे टिकावा आणि ज्याने हप्त्यांवर घेतला त्याची बॅटरी दोन वर्षांत बसावी, ही उष्णतेने केलेली विषमता आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नाकडे अवश्य लक्ष द्यावे.

त्यात वीज जाण्या-येण्याचे वेळापत्रक असेल, तर आणखी भर पडते. दुपारी वीज आली, की घरातील सारे मोबाइल एकाच फळीवर, भर उन्हाच्या वेळी, जलद चार्जरवर लागतात. शक्य असेल तेथे हेच काम पहाटे किंवा रात्री उशिरा, जागे असताना, केले तर बॅटरीचे आयुष्य वाढेल. त्यासाठी एक पैसाही खर्च करावा लागत नाही.

५. चार्जरची पारख

चार्जर ही दुर्लक्षिलेली वस्तू आहे. अलीकडे कित्येक मोबाइलच्या खोक्यांतून चार्जर मिळेनासा झाला आहे आणि तो वेगळा विकत घ्यावा लागतो. त्यामुळे बाजारात नकली माल शिरण्यास वाव मिळतो. यूएल या अमेरिकी सुरक्षा-परीक्षण संस्थेने २०१६ साली ॲपलच्या नावाचे ४०० नकली चार्जर तपासले. त्यांपैकी ३९७ चाचणीत नापास झाले. १२ चार्जरांची रचना इतकी सदोष होती की त्यांपासून प्राणघातक विजेचा धक्का बसण्याचा धोका होता. चार्जरच्या आत २३० व्होल्टची बाजू व ५ व्होल्टची बाजू यांत पुरेसे अंतर आणि चांगला विद्युत्‌रोध असावा लागतो. नकली मालात काटकसर नेमकी तेथेच केली जाते, कारण ती बाहेरून दिसत नाही.

आपल्या देशात मोबाइल, त्याची बॅटरी व चार्जर यांना भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची आहे. अशा मालावर ब्यूरोचे चिन्ह आणि इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक छापलेला असतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो क्रमांक घालून पडताळून पाहता येतो. दुकानात उभे राहून हे करावयास दोन मिनिटे लागतात. दुकानदार थोडा त्रासेल, त्रासू द्यावा.

६. मग करावे काय?

वरील विवेचनावरून काही नियम आपोआपच निघतात. ते कारणासह देतो, कारण नुसता नियम विसरला जातो, कारण मात्र लक्षात राहते.

(१) चार्जिंगच्या वेळी मोबाइल टणक व उघड्या जागी ठेवावा. फरशी किंवा टेबल उष्णता वाहून नेते; गादी, उशी, गोधडी ती कोंडून ठेवते. जाड आवरण असेल तर तेही काढावे.

(२) चार्जिंग आणि जड काम एकाच वेळी करू नये. दोन उष्णतांची बेरीज होते.

(३) दुचाकीच्या हँडलवर भर उन्हात लावलेला मोबाइल चार्ज करू नये. वायरीवाचून होणाऱ्या चार्जिंगमध्ये वीज अधिक वाया जाते व उष्णताही अधिक होते. उन्हाळ्यात वायर बरी.

(४) मोबाइलमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबविण्याची सोय असेल, तर उन्हाळ्यापुरती तरी ती चालू ठेवावी.

(५) मोबाइलने ‘तापमान कमी होईपर्यंत चार्जिंग थांबविले आहे’ असा संदेश दिला, तर ती कुरकुर समजू नये. आतील तापमापकाने आपले काम केलेले असते. मात्र लवकर निवावा म्हणून त्याला शीतकपाटात ठेवणे चुकीचे. बाहेर काढल्यावर दव धरते आणि पाणी आत शिरते.

(६) वायरीचे टोक तापत असेल, तर छिद्रातील धूळ व वायरीचा ढिलेपणा प्रथम पाहावा. ओल आली असेल तर ती सुकेपर्यंत चार्ज करू नये.

(७) बॅटरी फुगून झाकण उचलले गेले असेल, तर तो मोबाइल पुन्हा चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये. फुगलेल्या बॅटरीत वायू साठलेला असतो. ती घंटागाडीतही टाकू नये. ई-कचरा स्वीकारणाऱ्या केंद्रात द्यावी.

(८) बॅटरीने पेट घेतलाच, तर आधी माणसांनी दूर व्हावे. हात पोहोचत असेल तर भिंतीवरचे बटण बंद करावे. वीज तुटल्याची खात्री झाल्यावर दुरून भरपूर पाणी ओतणे योग्य, कारण येथे हवा तोडण्यापेक्षा उष्णता काढून घेणे महत्त्वाचे असते. धूर विषारी असतो. त्यात वाकून पाहू नये. मोबाइल वाचविण्याचा प्रयत्न मुळीच करू नये.

वसतिगृहात राहणाऱ्यांना एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. एकाच खोलीत एक बटण-फळी आणि तिच्यावर चार-पाच चार्जर, वर वाळत घातलेला टॉवेल, हे दृश्य आपल्याला अपरिचित नाही. निजण्यापूर्वी ज्याला आठवेल त्याने फळीचे बटण बंद करावे, एवढा एक नियम खोलीने पाळला तरी पुष्कळ झाले.

समारोप

मोबाइल का तापतो, या प्रश्नाला एक उत्तर नाही. चार ठिकाणची चार उत्तरे आहेत. त्यांतील काही कारखान्यात ठरतात आणि त्यांची जबाबदारी करणाऱ्यांनी घ्यावयाची असते. नोट ७ च्या प्रकरणात ती घ्यावी लागली. काही हवामानावर अवलंबून असतात आणि त्यांवर आपला इलाज नाही. परंतु उष्णतेला बाहेर पडावयास वाट ठेवणे, ती कोठून येते हे हाताने चाचपून ओळखणे, आणि काम थांबल्यावर ती थांबते की वाढते हे पाहणे, एवढे आपल्या हातात आहे. त्याला शास्त्र शाखेची पदवी लागत नाही.

ही माहिती आपल्या घरात, आपल्या बोलीत, आई-वडिलांना व आजी-आजोबांना समजेल अशा शब्दांत सांगितली गेली पाहिजे. आजीला लिथियम सांगण्याची गरज नाही. ‘आजी, हा उशीखाली ठेवू नकोस, याला वारा लागू दे,’ एवढे सांगितले तरी ती समजेल. भाकरी उतरवल्यावर ती टोपल्यात एकीवर एक न रचता आधी निवू द्यावी, हे तिनेच तर आपल्याला शिकविले आहे.